इदालिनाच्या घरात वाळू चालत नाही

आमच्या आरेयाल या कोळ्यांच्या गावात उन्हाळ्यात कोणी स्वतःच्या पलंगावर झोपत नाही. पलंग पाहुण्यांचे. घरची माणसं जिन्याखाली, माळ्यावर, मागच्या स्वयंपाकघरात, जिथे पाठ टेकेल तिथे झोपतात आणि सप्टेंबर संपला की आपल्याच गादीवर परत येऊन परक्यांच्या अंगाच्या तेलाचा वास सोसतात. लिस्बनची बस यायच्या वेळेला गावातल्या अर्ध्या विधवा स्टँडवर 'खोली मिळेल'च्या पाट्या धरून उभ्या असायच्या. त्यांतली एक मी, झुल्मिरा, आणि माझ्या खांद्याला खांदा लावून उभी असायची ती इदालिना. आमची घरंही तशीच होती, खेटून. मध्ये एकच भिंत.

मी गिऱ्हाईक पायांवरून ओळखते. सँडलमध्ये मोजे घालणारा माणूस टॉवेल कमी पडले म्हणून तक्रार करतो. नव्याकोऱ्या चपला घालून आलेल्या बाईला पहिल्या दिवशी फोड येतात आणि दुसऱ्या दिवसापासून ती तुमच्यावर चिडते. अनवाणी येतात ते गिटार वाजवतात. इदालिना असल्या परीक्षा घेत बसत नसे. बस थांबली की ती सरळ कोणाचा तरी दंड धरायची आणि तो माणूस तिच्या घरचं सूप पिऊन होईपर्यंत सोडायची नाही.

योरिस तिला असाच सापडला. हॉलंडचा, ताडमाड उंच, उन्हाने नाकाची सालं निघालेला. मी धावत जाऊन त्याची बॅग धरली. इदालिनाने त्यालाच धरलं.

"बॅग सोड गं, झुल्मिरा! माणूस माझा आहे."

"बॅग जाईल तिकडे माणूस जातो!"

"बघू या कोण कुठे जातंय ते."

तिने त्याला चढणीवरून ओढत नेलं. तो मागे वळून वळून बॅगेकडे बघत होता, पण गेला. संध्याकाळी ती बॅग मलाच तिच्या दारात नेऊन आपटावी लागली. रागाच्या भरात उंबरा ओलांडायला पाऊल उचललं, तर आतून आवाज आला, "पाय!"

हा तिचा एक शब्द अख्ख्या गावाला पाठ होता. दाराशी निळा प्लास्टिकचा टब, त्यात पाणी, शेजारी फडकं. पाय धुतल्याशिवाय इदालिनाच्या घरात कोणाला प्रवेश नाही. मासे विकणं, सुकवणं, खोल्या देणं यांवर जगणाऱ्या आमच्या गावात वाळू कुठे नसते? पावात असते, अंथरुणात असते, प्रार्थनेला जोडलेल्या हातांत असते. पण हिच्या फरशीवर एक कण दिसला तर ही गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने टिपायची. ईस्टरला पाद्री आन्सेल्मो क्रूस घेऊन घर पवित्र करायला आले, तेव्हा तिने क्रूस आत घेतला आणि त्यांना बाहेर थांबवलं.

"पाय, पाद्रीबाबा."

"बाई, मी देवाचा आशीर्वाद घेऊन आलोय!"

"आशीर्वाद येऊ द्या आत. तुम्ही पाय धुवा."

आणि पाद्रींनी झगा वर धरून मुकाट्याने पाय धुतले. गाव महिनाभर हसत होतं. एकटी राहून राहून बाईला स्वच्छतेचं वेड लागलं, असं आम्ही म्हणायचो. मीही म्हणायचे. माझ्यावरही तीच वेळ आलेली होती, पण मला काही असलं वेड लागलं नाही, असं मनातल्या मनात म्हणून थोडी सुखावायचेसुद्धा.

आम्ही दोघी एकाच हिवाळ्यात विधवा होऊन काळ्या कपड्यांत गेलो. तिचा सिल्व्हेरियो तांडेल होता. मासेमारीची लहानशी नाव त्याचीच, हुकूमही त्याचाच. तिच्यावर माणसं दोनच, सिल्व्हेरियो आणि माझा आर्मिंदो. आमच्या किनाऱ्यावर पूर्वी अशी रीत होती की, समुद्र बघायला तांडेलाची बायको जायची. पहाटे ती एकटी खाली उतरायची, पाण्याच्या कडेला उभी राहायची आणि बंदराच्या तोंडाशी जो वाळूचा उथळ पट्टा आहे, त्यावर लाट फुटतेय का, हे बघून यायची. पुरुष तोवर घरीच लोळत असायचे. तिने सांगितलं जा, तर जायचं. नको म्हटली, तर परत पांघरुणात शिरायचं. नवरे मस्करी करायचे, "पाय दाखव गं, खरंच गेली होतीस का?" आणि बायका वाळूने भरलेले पाय त्यांच्या नाकासमोर नाचवायच्या. सिल्व्हेरियोने मात्र तिला कधी पाय दाखवायला सांगितलं नाही. तो तिच्या शब्दावर जायचा.

आणि आम्ही तिच्या टकटकीवर. समुद्र ठीक असेल तर घरी आल्यावर इदालिना मधल्या भिंतीवर दोनदा टकटक करायची आणि मी आर्मिंदोला उठवायचे. नसेल तर भिंत गप्प राहायची आणि आम्ही उशिरापर्यंत झोपायचो. ती गप्प भिंत मला फार आवडायची.

त्या दिवशी टकटक झाली होती. मी आर्मिंदोला उठवलं, त्याच्या हातात पाव दिला. बंदराच्या तोंडाशीच नाव उलटली. आर्मिंदो दुसऱ्या दिवशी खडकांत सापडला. सिल्व्हेरियो सापडलाच नाही. म्हाताऱ्या माणसांनी माना हलवल्या आणि म्हटलं, समुद्राने दगा दिला, बघून आलेल्या बाईच्या पाठीमागे चाल करून आला. मला ते पटलं. तेव्हापासून मी रोज सकाळी खिडकी उघडून आधी समुद्राला एक शिवी हासडायचे आणि मग चूल पेटवायचे.

इदालिनाने मला सांभाळलं, हे कबूल केलं पाहिजे. माझी मुलगी तापाने फणफणली तेव्हा तिच्या उशाशी ही बसली. मी बांगडे सुकवायला वाळूवर जाळ्या मांडायला गेले, की हिने आधीच अर्ध्या मांडलेल्या असत. स्टँडवर पाहुणे ओढताना भांडायची, पण आपली खोली रिकामी असली तरी दोनदा-तीनदा चांगलं जोडपं माझ्याकडे पाठवून द्यायची. "मला आज कंटाळा आलाय गं," म्हणायची. सख्खी बहीण असं करत नाही. मी तसं बोलूनही दाखवायचे. ती लगेच उठून भांडी घासायला लागायची.

तर योरिस. आठवड्यासाठी आला होता, तो तीन उन्हाळे आणि एक अख्खा हिवाळा राहिला. हॉलंडमध्ये काय करायचा, हे कधी नीट कळलं नाही. लिहितो म्हणायचा, पण लिहिताना कोणी पाहिला नाही. इदालिनाने त्याला वरची समुद्राकडची खोली दिली. ती खोली तिची आणि सिल्व्हेरियोची. ती स्वतः खाली स्वयंपाकघरात झोपायची. खोलीत एक भलंमोठं अक्रोडाचं कपाट होतं, त्याला कुलूप नव्हतं, पण ते उघडायचं नाही, अशी पाहुण्यांना ताकीद होती.

त्याच्या गमतींनी गावाचं पोट दुखायचं. पहिल्याच सकाळी इदालिना अंगणात ऑक्टोपस दगडावर आपटत होती, मऊ व्हावा म्हणून आपण सगळ्या आपटतो तसा. हा अर्ध्या चड्डीवर धावत खाली आला आणि तिचा हात धरून विनवायला लागला. बाई कोणाला तरी मारतेय, एवढंच त्याने वरून ऐकलं होतं. नंतर एकदा माझ्या सुकणाऱ्या बांगड्यांच्या दोन जाळ्यांमध्ये टॉवेल पसरून ऊन खात झोपला. संध्याकाळी गावभर पाच-सहा मांजरं त्याच्या मागे.

बोलायला त्याला इदालिनाने शिकवलं. दुसरं कोण शिकवणार? स्वयंपाकघरात बटाटे सोलत सोलत शिकवलं. त्यामुळे झालं काय, की हा गोरा दांडगा पुरुष हुबेहूब साठीच्या कोळणीसारखा बोलायला लागला. तिचेच हेल, तिच्याच शिव्या, "अगं बाई गं" म्हणून तिच्यासारखाच छातीवर हात. लिस्बनला कुठल्याशा कचेरीत गेला आणि तिथल्या साहेबाला म्हणाला, "तुझ्या डोळ्यांत मीठ पडो रे मेल्या, किती वेळ उभं करशील?" तो साहेब खुर्चीवरून उठून उभा राहिला म्हणे. योरिस तिला मावशी म्हणायचा. ती त्याला "पोरा" म्हणायची. तिला मूल नव्हतं. हे पोर तिने मनापासून पोर मानलं, आणि मला ते डोळ्यांनी दिसत होतं. मला थोडा मत्सरही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मग तो गेला. जाताना रडला, तीही रडली. दोन वर्षांनी बसमधून हॉलंडची माणसं उतरायला लागली आणि स्टँडवर येऊन विचारायला लागली, "पाय धुवायला लावणाऱ्या बाई कुठे राहतात?" योरिस आपल्या देशात रंगमंचावर उभा राहून आरेयालमधल्या मुक्कामाच्या गमती सांगायचा आणि लोक तिकीट काढून हसायला यायचे. इदालिनाला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस हवेत होती. पाहुण्यांना म्हणायची, "माझ्या पोराने पाठवलंय तुम्हाला? मग आधी पाय!" आणि ते टाळ्या वाजवत पाय धुवायचे.

गावाला त्याचा अभिमान वाटायला लागला. अग्निशमनवाल्यांच्या हॉलचं छप्पर गळत होतं. पाद्री आन्सेल्मोंनी त्याला निरोप धाडला, की बाबा, इथे येऊन तुझा तो कार्यक्रम आमच्या भाषेत कर, छपराला मदत होईल. तो तयारच होता. ऑगस्टच्या एका रविवारी, जेवणं उरकल्यावर, अख्खं गाव त्या हॉलमध्ये दाटीवाटीने बसलं. पहिल्या रांगेत मधोमध इदालिना, कानांत सोन्याचे डूल, काळी शाल कडक इस्त्रीची. शेजारी मी. पलीकडे पाद्री.

योरिस मंचावर आला, डोक्याला काळा रुमाल बांधला, कमरेवर हात ठेवला आणि ओरडला, "पाय!"

हॉल फुटला हसून. इदालिनाने मला कोपर मारलं, "मेला, माझ्यासारखाच दिसतोय!"

ऑक्टोपस झाला, मांजरं झाली, लिस्बनचा साहेब झाला. मग त्याने बाकाल्यावची गोष्ट काढली, आणि इदालिना ताठ झाली. गोष्ट अशी की, चर्चच्या उत्सवाच्या आदल्या दिवशी हा किनाऱ्यावरून मागच्या दाराने आला. तिथेही एक निळा टब दिसला, पाण्याने भरलेला. शहाण्या मुलासारखा त्याने दोन्ही पाय आत बुडवून स्वच्छ चोळले. तो टब उत्सवाच्या जेवणासाठी भिजत घातलेल्या खाऱ्या माशाचा, बाकाल्यावचा होता. इदालिनाने डोक्यावर हात मारला, पाणी बदललं आणि त्याला शपथ घातली, "कोणाला बोललास तर याद राख." दुसऱ्या दिवशी पाद्रींनी दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाले, यंदा चव काही वेगळीच आहे.

क्षणभर सगळे पाद्रींकडे बघायला लागले. मीही तो मासा खाल्ला होता. पाद्री लालबुंद झाले, आणि मग इतके हसले, की त्यांचा चष्मा पडला. तेव्हा इदालिना उठून उभी राहिली आणि हॉलकडे वळून म्हणाली, "पाणी तीनदा बदललं होतं! तीनदा!" लोकांनी टाळ्या पिटल्या. ती खाली बसली आणि माझ्या कानात म्हणाली, "शपथ मोडली मेल्याने. येऊ दे घरी, सूप देणार नाही." पण हसत होती.

मग योरिसने आवाज खाली आणला आणि म्हणाला, आता कपाटाची गोष्ट.

माझ्या शेजारी इदालिनाचं हसू थांबलं. तिने हात पुढे केला, त्याला थांबवायला करतात तसा, पण मंचावरच्या दिव्यांमुळे त्याला खालचं काही दिसत नव्हतं.

तो सांगत होता. सगळ्या गावाला पाय धुवायला लावणारी ही मावशी स्वतः रोज पहाटे वाळूने भरलेल्या पायांनी माझ्या खोलीत येते! मी झोपलोय असं समजून दबकत येते. कपाट उघडते. मला वाटलं, आत कोणी यार लपवलाय की काय! एक डोळा किलकिला करून बघतो, तर आत एक कोट, एक पॅन्ट, खाली बूट. आणि मावशी, त्याने परकर उचलल्याचा अभिनय केला आणि आपला लांबलचक पाय, समोर कपाट असल्यासारखा, हवेत धरला, मावशी त्या कोटाला पाय दाखवते!

लोक हसून लोळत होते. आणि तिच्याच आवाजात, तिच्याच हेलात, तिनेच शिकवलेल्या शब्दांत तो म्हणाला, "सिल्व्हेरियो, हे बघ पाय. आज खोटं नाही सांगत रे. आज खरंच जाऊन बघून आले."

तरुण पोरं हसतच होती. पण मागच्या रांगांतल्या म्हाताऱ्यांचं हसू एकदम तुटलं. एक एक करून सगळा हॉल गप्प झाला. योरिसला वाटलं, गंमत नीट पोचली नाही. म्हणून त्याने ते वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

मी इदालिनाकडे वळले. ती समोर बघत होती. मी तिच्या तोंडाकडे बघून विचारलं, "तू गेली नव्हतीस?"

तिने शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"इदालिना, त्या दिवशी भिंत वाजवलीस तेव्हा तू समुद्र बघून आली होतीस की नाही?"

"थंडी होती," ती म्हणाली. "नुसती थंडी होती, झुल्मिरा. सिल्व्हेरियो झोपेतच होता. पांघरुणातूनच हात लांब करून भिंत वाजवली."

मला वाटलं होतं, मी तिचे केस ओढीन, किंचाळेन. काहीच झालं नाही. मी उठले, लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर आले आणि घरी गेले. इतकी वर्षं मी रोज सकाळी समुद्राला शिव्या घातल्या. शेजारच्या भिंतीपलीकडून ती ऐकत असायची, आणि दुपारी मला सूप आणून द्यायची. ती मुलीच्या तापातली जागरणं, त्या मांडून ठेवलेल्या जाळ्या, ती माझ्याकडे पाठवलेली जोडपी. मला वाटायचं, बाईचा माझ्यावर जीव आहे. तिने मला मैत्रीण केलं होतं की आपलं पाप फेडायला माझा उंबरा धरला होता, हे आता कोणाला विचारायचं? तिला विचारलं तर ती खरं सांगेल, असं मी कशावरून मानायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी योरिस फुलं घेऊन तिच्या दारात उभा होता. मी माझ्या खिडकीत होते. कोणीतरी त्याला सगळं समजावून सांगितलं असावं, चेहरा पांढराफटक पडला होता.

"मावशी, मला रीत ठाऊक नव्हती. देवाशपथ! मी तर ते गोड आहे म्हणून सांगितलं. तिकडे लोक तुमच्यावर प्रेम करतात!"

"तू विचारलं होतंस, मावशी कपाटाशी काय बोलता. मी काय म्हटलं होतं?"

"की... ही गोष्ट या घराबाहेर जाऊ नये."

"आणि तू?"

"छातीवर हात ठेवला होता."

"कारण विचारलं नव्हतंस, मला त्याचंच बरं वाटलं होतं. म्हटलं, पोराला कारण लागत नाही, माझा शब्द पुरतो." तिने दाराची कडी हातात धरली. "दोन वर्षं परक्या लोकांना माझा पाय उचलून दाखवत होतास. आणि काल माझ्या गावाला."

"मावशी, मी आत येऊ?"

मला वाटलं, ती आता 'पाय' म्हणेल. ती म्हणाली, "नको. आणि इथून पुढे बोलशील तेव्हा माझ्यासारखं बोलू नकोस. दुसरं कोणाकडून तरी शीक."

तिने दार लावलं. तो फुलं टबाशेजारी ठेवून गेला. मला त्याची दया आली असं म्हणणार नाही. ज्याला आपण काय फोडलं हेसुद्धा कळत नाही, त्याच्यावर रागावणंही धड जमत नाही. माझा राग सगळा भिंतीच्या पलीकडे शिल्लक होता.

इदालिनाने पाटी उतरवली. हॉलंडची माणसं कपाटाची खोली विचारत यायची, तिने एकालाही घेतलं नाही. मी त्यांना माझ्याकडे नेलं नाही, त्यांनी मागून येऊन विचारलं तरी. बाजारात ती दिसली की मी रस्ता बदलायचे. गावातल्या बायका दोन गट करून बसल्या. एक म्हणत, इतक्या वर्षांची शिक्षा पुरे. दुसऱ्या म्हणत, आर्मिंदो परत आला का? मी दोन्हीकडे बसत नसे. पहाटे मात्र मला जाग यायची. तिच्या दाराची कडी वाजायची, मग पायऱ्यांवर तिची पावलं खाली जायची आणि काही वेळाने वर यायची. रोज. पावसात, वाऱ्यात, तिचा एक दिवस चुकला नाही. पूर्वीही ती जातच असणार, पण तेव्हा मी गाढ झोपायचे.

डिसेंबरात एका पहाटे त्या ओल्या पायऱ्यांवरून ती घसरली आणि खुबा मोडला. इस्पितळातून आणली, खाली स्वयंपाकघरात झोपवली. भाची दिवसा येऊन जेवण देऊन जायची. मी गेले नाही.

आणि मग एका सकाळी, अजून उजाडायचं होतं, मधल्या भिंतीवर दोनदा टकटक झाली.

त्या हिवाळ्यानंतर तो आवाज मी ऐकला नव्हता. मी अंथरुणात उठून बसले. पहिला विचार काय आला असेल? आर्मिंदोला उठवायला पाहिजे, हा आला. मग मी इतकी भडकले, की तशीच शाल गुंडाळून तिच्या दारात गेले आणि टबाकडे न बघता आत घुसले.

"कसला आवाज करतेस? लाज वाटत नाही ती भिंत वाजवायला?"

ती पलंगावर पडून होती. एवढीशी झाली होती.

"मला जाता येत नाही," ती म्हणाली. "आज किती दिवस झाले, कोणी बघून आलं नाही. त्याला काय सांगायचं? तू जाऊन येशील?"

"मी? मला सांगतेस?"

"दुसऱ्या कोणाला सांगू? दुसऱ्या कोणी सांगितलं, तर मी विश्वास ठेवीन. सिल्व्हेरियोने माझ्यावर ठेवला तसा, नुसत्या शब्दावरचा, नकोय मला."

मी बाहेर पडले. थंडी अशी होती, की दात वाजत होते. खाली उतरायच्या पायऱ्या निसरड्या, वारा तोंडावर. चर्चच्या भिंतीच्या आडोशाला मी थांबले. इथेच थोडा वेळ उभं राहून परत गेले असते, तर कोणाला कळणार होतं? एक शब्द तर सांगायचा होता. किती सोपं होतं ते, हे मला त्या भिंतीशी कळलं, आणि तेवढ्यानेच मला तिचा आणखी राग आला. मी चपला तिथेच काढल्या आणि अनवाणी थेट पाण्यापर्यंत गेले. बंदराच्या तोंडाशी लाट फुटत होती, पांढरी, एकामागून एक. नीट बघितलं. पुन्हा बघितलं.

परत आले ती तशीच वाळूने माखलेली आत गेले, तिच्या पलंगाशी उभी राहिले आणि तिच्या लख्ख फरशीवर जोरजोरात पाय झाडले. वाळू सगळीकडे पसरली.

"हे बघ," मी म्हटलं. "बघून यायचं असतं ते असं यायचं असतं."

तिने माझ्या पायांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "कशी आहे?"

"फुटतेय. आज कोणी जायचं नाही."

"वर जाऊन त्याला सांग."

मी जिना चढले. प्रत्येक पायरीवर वाळू सांडत गेली, मी सांडू दिली. कपाट उघडलं. आत सिल्व्हेरियोचा लग्नातला कोट, बाह्या ब्रशने साफ केलेल्या, खाली पॉलिश केलेले बूट. मला पाय दाखवायला लाज वाटली, पण दाखवला.

"सिल्व्हेरियो," मी म्हटलं, "झुल्मिरा बोलतेय. लाट फुटतेय. माझ्या आर्मिंदोला उठवू नकोस."

खाली आले तेव्हा इदालिना फरशीवरच्या वाळूकडेच बघत पडली होती. झाडू कोपऱ्यात उभा होता. तिने मला तो घ्यायला सांगितलं नाही आणि मी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंत वाजली, तेव्हा मी आधीच शाल घेऊन बसलेली होते.